फिल्म फेस्टिव्हल, तारे आणि रेड कार्पेट: सोलापुरात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात आम्ही काही मंडळी अधूनमधून देशोदेशीचे सिनेमे दाखवतो आणि पुण्या-गोव्याच्या फेस्टिव्हलला निघालेल्या पोरापोरींना जमेल तशी माहिती देतो. सिनेमाबद्दल कमी आणि रेड कार्पेटबद्दल जास्त विचारलं जातं, याचं आम्हाला वाईट वाटत नाही. मे महिन्यात मोबाईल उघडला की दुसरं काही दिसतच नाही, तर माणूस विचारणार तरी काय? तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून एकदाचे लिहून काढले.

फेस्टिव्हल सिनेमाचा, मग चर्चा साड्या-गाऊनचीच का?

गाऊनचा फोटो बघायला एक क्षण पुरतो. सिनेमाला दोन तास लागतात, आणि तो आपल्याकडे येईपर्यंत महिने जातात. पायल कपाडियाचा ‘ऑल वुई इमॅजिन अॅज लाइट’ मे २०२४ मध्ये फ्रान्समधल्या कान महोत्सवात गाजला आणि भारतभर लागला २२ नोव्हेंबरला, म्हणजे दिवाळी उलटल्यावर. मधल्या सहा महिन्यांत वर्तमानपत्रांनी छापायचं काय? जे हातात होतं ते छापलं.

पण हे सगळं आपोआप घडलं असं समजू नका. फेस्टिव्हलवाल्यांना तारे पहिल्या दिवसापासून हवेच होते. कान हे फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरचं, पर्यटनावर जगणारं शहर. १९३० च्या दशकात मोठा महोत्सव होता तो व्हेनिसचा, १९३२ साली सुरू झालेला. तिथे मुसोलिनीच्या सरकारची ढवळाढवळ फार वाढली तेव्हा फ्रान्सने स्वतःचा महोत्सव काढायचं ठरवलं. कानकरांचा हिशेब त्याहून साधा होता: उन्हाळ्याचा हंगाम थोडा लांबावा, हॉटेलं भरलेली राहावीत. १ सप्टेंबर १९३९ ही तारीख ठरली, हॉलिवूडचे तारे जहाजाने येऊनही पोहोचले, आणि नेमका त्याच दिवशी हिटलरने पोलंडवर हल्ला केला. पहिला महोत्सव भरला तो थेट १९४६ मध्ये. पुढे १९५५ साली अभिनेत्री ग्रेस केली कानच्या महोत्सवाला आली, त्याच मुक्कामात मोनॅकोच्या राजपुत्राशी तिची भेट झाली आणि वर्षभरात दोघांचं लग्न लागलं. अशी जाहिरात फुकट मिळत असेल तर ताऱ्यांना नको म्हणायला कोण बसलंय?

आपल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेसारखंच आहे हे. मान नंदीध्वजांचा, पण होम मैदानावर पाळणे नसते तर पोरंटोरं महिनाभर आधीपासून मागे लागली असती का? पाळण्यांनी सिद्धरामेश्वरांचं काही कमी होत नाही. नंदीध्वज कधी निघतात हेच लोकांना आठवेनासं झालं, तर मात्र चिंता करायची.

पैशाचं चक्र असं फिरतं: तारा आला की कॅमेरे येतात, कॅमेऱ्यांमागून कंपन्या येतात, आणि कंपन्यांच्या पैशातून ज्या दिग्दर्शकाचं नाव कुणी ऐकलेलं नाही त्याचा सिनेमा मोठ्या पडद्यावर लागतो. हे चक्र जिथे शेवटपर्यंत पोहोचतं तो फेस्टिव्हल चांगला. मधेच कंपन्यांच्या फलकापाशी अडकतं, तो नुसता फॅशन शो. पुढच्या बऱ्याच उत्तरांत आम्ही हाच निकष लावलाय.

ही रेड कार्पेटची कल्पना आली कुठून?

फार जुनी आहे. इसवी सनापूर्वी ४५८ मध्ये एस्किलस या ग्रीक नाटककाराने युद्ध जिंकून परतलेल्या राजासाठी त्याच्या बायकोने जांभळट लाल वस्त्रांच्या पायघड्या घातल्याचा प्रसंग लिहिला. राजा त्यावर पाय ठेवायला कचरतो, हा मान देवांचा आहे म्हणतो. शेवटी ठेवतो, आणि आत गेल्यावर बायको त्याचा खून करते. आजच्या पीआरवाल्यांनी हे नाटक वाचलेलं नसावं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्क-शिकागो मार्गावरच्या एका आलिशान रेल्वेगाडीच्या प्रवाशांसाठी फलाटावर लाल गालिचा अंथरत. १९२२ साली हॉलिवूडच्या इजिप्शियन थिएटरमधल्या प्रीमियरला तो सिनेमाच्या दारात आला, आणि १९६१ पासून ऑस्करला. रंग लालच हवा असा काही शास्त्राधार नाही. २०२३ च्या ऑस्करला शॅम्पेनच्या रंगाचा अंथरला होता. कानचा गालिचा जगात सर्वांत ओळखीचा झाला त्याला मोठं कारण त्या इमारतीच्या २४ पायऱ्या. सपाट जमिनीवर माणूस नुसता चालत जातो, पायऱ्यांवर त्याला चढावं लागतं, वर पोहोचल्यावर वळून बघावं लागतं, आणि फोटोग्राफरला हवं ते सगळं मिळतं.

ऑस्कर हाही फिल्म फेस्टिव्हलच ना?

नाही. तो पुरस्कारांचा सोहळा. तिथे सिनेमे दाखवत नाहीत, आधीच लागून गेलेल्या सिनेमांना बक्षिसं देतात.

अमुक नटी कानच्या रेड कार्पेटवर दिसली म्हणजे तिचा सिनेमा कानला निवडला गेला का?

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर.

कानच्या गालिच्यावर दिसणारी माणसं निरनिराळ्या वाटांनी आलेली असतात. पहिली वाट निवडीची. मुख्य स्पर्धेत साधारण वीसेक सिनेमे असतात. त्याशिवाय ‘अं सर्तें रगार’ हा विभाग, स्पर्धेबाहेरचे सिनेमे, जुन्या सिनेमांच्या दुरुस्त प्रतींचा ‘क्लासिक्स’, आणि फिल्म स्कूलच्या विद्यार्थ्यांचा ‘ला सिनेफ’. यातल्या कशातही निवड झाली तर तो खरा मान. २०२४ हे आपलं अलीकडचं सर्वांत भारी वर्ष. पायल कपाडियाच्या सिनेमाने ग्रां प्री, म्हणजे दुसऱ्या क्रमांकाचं पारितोषिक मिळवलं. भारतीय सिनेमा मुख्य स्पर्धेत पोहोचण्याची ती तीस वर्षांतली पहिली वेळ. अनसूया सेनगुप्ताला ‘अं सर्तें रगार’मध्ये सर्वोत्तम अभिनेत्रीचा मान मिळाला. पुण्याच्या एफटीआयआय या फिल्म संस्थेचा चिदानंद नाईक ‘ला सिनेफ’मध्ये पहिला आला. आणि श्याम बेनेगलांचा ‘मंथन’, जो पाच लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये काढून उभा केला होता, त्याची नवी प्रत ‘क्लासिक्स’मध्ये दाखवली, त्यासाठी नसीरुद्दीन शाह स्वतः गेले होते. यातल्या कुणाचा फोटो तुमच्या मोबाईलवर किती वेळा आला ते आठवून बघा.

दुसरी वाट परीक्षकाची. विद्या बालन २०१३ मध्ये, दीपिका पदुकोण २०२२ मध्ये, पायल कपाडिया २०२५ मध्ये मुख्य स्पर्धेच्या परीक्षक मंडळात होत्या. हे पाहुणेपण नाही, काम आहे. रोज सिनेमे बघायचे, मग बंद खोलीत बसून भांडायचं.

तिसरी वाट ब्रँडची. सौंदर्यप्रसाधनं, दागिने, मद्य अशा कंपन्या महोत्सवाच्या भागीदार असतात आणि त्यांच्या वाट्याला निमंत्रणं येतात. त्यांची ब्रँड अॅम्बॅसडर ज्या संध्याकाळी पायऱ्या चढते, त्या संध्याकाळी आत जो सिनेमा असेल त्याच्याशी तिचा संबंध असतोच असं नाही. ऐश्वर्या राय २००२ मध्ये पहिल्यांदा गेली ती ‘देवदास’ घेऊन. पुढची बरीच वर्षं ती लॉरिआल या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीची प्रतिनिधी म्हणून जात राहिली. दोन्हींत लपवण्यासारखं काही नाही, फक्त ती दोन वेगळी निमित्तं आहेत.

चौथी वाट बाजाराची, आणि खरी मेख इथे आहे. महोत्सवाला लागूनच १९५९ पासून ‘मार्शे दु फिल्म’ नावाचा सिनेमांचा बाजार भरतो. जगभरचे विक्रेते आणि खरेदीदार तिथे जमतात. या बाजारात भाडं भरून पडदा घेता येतो आणि आपला सिनेमा लावता येतो. राज्य सरकारही काही मराठी सिनेमे निवडून या बाजारात पाठवतं, ती चांगलीच गोष्ट आहे, कारण परदेशी वितरक भेटतात ते तिथेच. पण ‘कानला दाखवला’ आणि ‘कानने निवडला’ यांत जमीन-अस्मानाचा फरक. पोस्टरवर ते पानाफुलांचं चिन्ह दिसलं की खाली बारीक अक्षरांत विभागाचं नाव शोधा. विभागच लिहिलेला नसेल तर काय ते समजून घ्या.

मग ज्यांचा सिनेमा नाही त्यांना तिथे मिळतं काय?

फोटो. हसू नका, फोटो हाच तिथला माल आहे. एका संध्याकाळच्या फोटोंवर कपडे शिवणारा, दागिने देणारा, केस करणारा, कंपनी आणि ती व्यक्ती, सगळ्यांचं वर्षभराचं गिऱ्हाईक ठरतं. अंगावरचे दागिने बहुतेक वेळा उसने असतात आणि रात्री परत जातात.

अलीकडे इन्फ्लुएन्सर मंडळीही मोठ्या संख्येने जातात. त्यांच्यावर जुनेजाणते नाक मुरडतात. आमचं मत थोडं वेगळं आहे. नट्यांनी गाऊन घातलेला चालतो आणि स्वतः शिवलेला गाऊन घालून आलेली छोट्या गावची पोरगी चालत नाही, ही कसली रीत? आक्षेप घ्यायचाच तर आत सिनेमा न बघता बाहेरच्या बाहेर परतणाऱ्या सगळ्यांवर घ्या, मग त्यात नटही आले.

‘आठ मिनिटं उभं राहून टाळ्या’ या बातम्यांवर किती विश्वास ठेवायचा?

टाळ्या खऱ्या, अर्थ लावताना जपून. कानच्या मोठ्या प्रेक्षागृहात सिनेमाची सगळी टीम प्रेक्षकांतच बसलेली असते. सिनेमा संपला की कॅमेरा त्यांच्या तोंडासमोर जातो आणि ते चेहरे पडद्यावर मोठे दिसतात. दिग्दर्शक डोळे पुसतोय, नटी त्याला मिठी मारतेय. अशा वेळी टाळ्या थांबवून दाराकडे निघायला फार निगरगट्ट माणूस लागतो. मग घड्याळ लावून बसलेले पत्रकार मिनिटं मोजतात. २००६ साली ‘पॅन्स लॅबिरिंथ’ला २२ मिनिटं मिळाली असं सांगतात, आणि त्या वर्षी त्याला कानचं एकही मोठं पारितोषिक नव्हतं. पायलच्या सिनेमाला आठेक मिनिटं मिळाली आणि त्याला ग्रां प्री मिळालं. यावरून सूत्र काढून दाखवा.

कपड्यांचे नियम खरंच इतके कडक आहेत?

संध्याकाळच्या मोठ्या खेळांना आहेत. पुरुषांना काळा सूट आणि बो, स्त्रियांना सायंकाळचा पोशाख. गालिच्याच्या कडेला उभ्या फोटोग्राफरलाही तोच सूट घालून यावं लागतं. २०१५ मध्ये सपाट चप्पल घातलेल्या काही बायकांना अडवल्यावरून गदारोळ झाला. पुढच्या वर्षी ज्युलिया रॉबर्ट्स अनवाणी पायऱ्या चढली आणि २०१८ मध्ये क्रिस्टन स्ट्युअर्टने टाचेचे बूट सगळ्यांदेखत काढून हातात घेतले. २०२५ मध्ये अंगप्रदर्शन आणि मागे लांबलचक लोळणारे घोळदार गाऊन यांच्यावर बंदी आली, कारण त्या घोळामुळे मागची रांग अडते. सेल्फीवर २०१८ पासूनच बंदी आहे.

रेड कार्पेटवर राजकारण कशाला आणतात?

जिथे हजार कॅमेरे रोखलेले असतात तिथे माणूस आपलं गाऱ्हाणं मांडणारच. २०१८ मध्ये केट ब्लँचेट आणि अॅग्नेस वार्दा यांच्यासह ८२ स्त्रिया कानच्या पायऱ्यांवर मध्येच थांबून उभ्या राहिल्या. तोवरच्या मुख्य स्पर्धेत स्त्री दिग्दर्शकांचे सिनेमे तेवढेच होते.

याहून जास्त बोलकी ठरली ती न आलेल्या माणसाची खुर्ची. २०११ मध्ये बर्लिन महोत्सवाने इराणचे जाफर पनाही यांना परीक्षक नेमलं होतं. त्यांच्या सरकारने त्यांना देशाबाहेर जाऊ दिलं नाही, तेव्हा महोत्सवाने त्यांची खुर्ची रिकामीच ठेवली. २०२५ मध्ये तेच पनाही कानला स्वतः हजर राहिले आणि सर्वोच्च पाम दोर घेऊन गेले.

मराठी सिनेमाला या झगमगाटाचा काय उपयोग?

मराठी सिनेमाचा परदेशी महोत्सवांशी संबंध झगमगाटाच्या आधीपासूनचा आहे. प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात गौरवला गेला, तेव्हा तिथे कुणी विष्णुपंत पागनीसांच्या कपड्यांची चर्चा केली नसणार. चैतन्य ताम्हाणेच्या ‘कोर्ट’ने २०१४ मध्ये व्हेनिसलाच दोन पारितोषिकं मिळवली. त्याच वर्षी अविनाश अरुणच्या ‘किल्ला’ला बर्लिनमध्ये मुलांच्या परीक्षक मंडळाने क्रिस्टल बेअर दिलं. रोहन कानवडेच्या ‘साबर बोंडं’ला २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात परदेशी कथापटांचं ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालं. यांतल्या एकाही सिनेमात पोस्टरवर मिरवावा असा तारा नव्हता. सिनेमा आधी पोहोचला, माणसं मागून.

उपयोग होतो तो परतल्यावर. ‘साबर बोंडं’ सप्टेंबर २०२५ मध्ये भारतात लागला तेव्हा त्याच्या पाठीशी नागराज मंजुळे, सई ताम्हणकर अशी माहितीतली नावं उभी राहिली, आणि वितरण राणा दग्गुबातीच्या कंपनीने केलं. पायलचा सिनेमाही भारतात त्याच कंपनीने आणला. ‘बाहुबली’तल्या भल्लालदेवाची कमाई अशा सिनेमांच्या कामी येतेय हे सोलापूरच्या पूर्व भागातल्या आमच्या तेलुगू मित्रांना सांगितलं की ते खूश होतात, आणि एखादा तिकीटही काढतो.

आणि एक फोटो मात्र आम्हीही जपून ठेवलाय. २०२४ ला कानच्या गालिच्यावर छाया कदम आईची जुनी साडी नेसून आणि तिची नथ घालून गेल्या. आई हयात नव्हती. ‘फँड्री’त आणि ‘सैराट’मध्ये त्यांना बघितलेल्या आपल्या भागातल्या बायकांना तो फोटो दाखवून बघा, कपड्यांची चर्चा कधीकधी किती कामाची असते ते कळेल.

सोलापूरचं कुणी तिथवर पोहोचलंय का?

हा प्रश्न विचारताना लोकांचा आवाज उगाच खाली जातो. पोहोचलंय की! नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ ला आपल्या टॉकीजमध्ये लागला, त्याच्या दोन महिने आधी, फेब्रुवारीत, तो बर्लिन महोत्सवात दाखवला गेला होता. करमाळ्याच्या शिवारात चित्रित झालेला सिनेमा बर्लिनकरांनी आपल्याआधी बघितला. रिंकू राजगुरू अकलूजची. पुण्याच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवाची धुरा सांभाळणारे डॉ. जब्बार पटेल यांचा जन्म पंढरपूरचा आणि शाळा सोलापूरची. दोन राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारे अतुल कुलकर्णी सोलापूरच्या हौशी रंगभूमीवर घडले. त्याही आधी, हिंदी सिनेमा खलनायिका म्हणून गाजवणाऱ्या शशिकला सोलापुरात जन्मलेल्या.

तारे बोलावलेच नाहीत तर फेस्टिव्हल चालेल का?

चालतो. केरळचा महोत्सव १९९६ मध्ये सुरू झाला, आता बहुतेक वेळा तिरुवनंतपुरमला डिसेंबरात भरतो. उद्घाटनाला नट येतात, नाही असं नाही, पण त्याची ख्याती आहे ती सकाळी सिनेमासाठी लागणाऱ्या रांगांची. कॉलेजची पोरं, रिक्षावाले, शिक्षक, सगळे त्या रांगेत. बर्लिन महोत्सव सामान्य प्रेक्षकांना लाखो तिकिटं विकतो. टोरांटोला सर्वांत मानाचं पारितोषिक परीक्षक नव्हे, प्रेक्षक ठरवतात. २००८ मध्ये तिथून ‘स्लमडॉग मिलियनेअर’ निघाला आणि ऑस्करला पोहोचला.

कान मात्र व्यावसायिकांचा महोत्सव आहे. तिथे तिकीट खिडकी शोधू नका. संध्याकाळी चांगले कपडे घालून, हातात ‘एखादं निमंत्रण मिळेल का’ अशी पाटी धरून लोक उभे असतात. १८ ते २८ वयाच्या सिनेमावेड्यांसाठी तीन दिवसांचा पास असतो, त्यासाठी आधी अर्ज करावा लागतो. समुद्रकिनाऱ्यावर रात्री सर्वांसाठी फुकट सिनेमा दाखवतात, तोही वाईट नाही.

पुण्याच्या किंवा गोव्याच्या फेस्टिव्हलला गेलो तर तारे दिसतील? सेल्फी मिळेल?

गोव्यात शक्यता जास्त. भारताचा आंतरराष्ट्रीय महोत्सव १९५२ मध्ये मुंबईत सुरू झाला, मग शहरं बदलत राहिला आणि २००४ पासून पणजीला स्थिरावला. नोव्हेंबरात उद्घाटन आणि समारोपाला मोठी नावं असतात. पण तिथे गर्दीत खांद्यांवरून मोबाईल उंच धरून उभं राहण्यापेक्षा दुपारच्या खेळाला जा. दिग्दर्शक आणि कलाकार सिनेमाआधी दोन शब्द बोलतात, नंतर बाहेर चहा पीत उभे असतात. तिथे सेल्फीच काय, गप्पाही मिळतात. फक्त आधी त्यांचा सिनेमा बघा. ‘सर, एक फोटो’ म्हणणाऱ्याला सर अर्ध्या मिनिटात विसरतात. ‘सर, त्या विहिरीच्या सीनमध्ये आवाज का बंद केलात?’ म्हणणाऱ्याला चहा पाजतात.

पुणे बहुतेक वेळा जानेवारीत असतं, २०२५ ला फेब्रुवारीत झालं. जानेवारीत असेल तर गड्ड्याच्या तारखा बघूनच घरी विषय काढा. सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकडली तर दुपारपासूनचे खेळ मिळतात. विद्यार्थ्यांना नोंदणीत सवलत असते, कॉलेजचं ओळखपत्र विसरू नका. गोव्यासाठी जून २०२५ मध्ये सोलापूरहून थेट विमान सुरू झालं. वेळापत्रक बदलत राहतं, तेव्हा बघून ठरवा.

आम्हाला सोलापुरात छोटा फेस्टिव्हल भरवायचाय. सेलिब्रिटी पाहुणा बोलवावा का?

बोलवा, पण आधी सिनेमे पक्के करा. आमच्या पाहण्यातला अनुभव असा की सगळी ताकद पाहुण्याच्या तारखेमागे जाते आणि सिनेमाची परवानगी शेवटच्या आठवड्यात आठवते. दाखवायच्या प्रत्येक सिनेमाची हक्कदारांकडून लेखी परवानगी लागते. सेन्सॉर प्रमाणपत्र नसलेला सिनेमा असेल तर केंद्राच्या माहिती आणि प्रसारण मंत्रालयाकडून सूट मिळवावी लागते. डीसीपी, म्हणजे थिएटरच्या प्रोजेक्टरवर चालणारी सिनेमाची डिजिटल प्रत, येणार असेल तर तिची केडीएम, म्हणजे कुलूप उघडणारी किल्ली, ठरलेल्या वेळेपुरतीच चालते. पाहुणा दोन तास उशिरा आला आणि किल्लीची मुदत संपली तर पडदा काळाच राहणार. पाहुण्याच्या मॅनेजरला हे आधीच सांगून ठेवा.

पाहुणा निवडताना एकच विचारा: याच्या येण्याने कुठला सिनेमा जास्त लोक बघणार आहेत? उत्तर मिळालं तर खर्च करा. मालिकेतला लोकप्रिय चेहरा उद्घाटनाला असायला हरकत नाही, हुतात्मा स्मृती मंदिर भरेल. पण तो खाली उतरताच सभागृह रिकामं झालं, तर काय कमावलं? त्यापेक्षा आपल्या जिल्ह्यातून गेलेला एखादा छायाचित्रणकार, ध्वनिमुद्रक, संकलक शोधा. मानधनाची फारशी अपेक्षा नसते, आणि दुसऱ्या दिवशी विद्यापीठातल्या मुलांसोबत अर्धा दिवस बसायलाही तयार होतो.

बाकी सूचना भराभर. फ्लेक्सवर सिनेमाचं पोस्टर पाहुण्याच्या फोटोपेक्षा मोठं हवं, आणि संयोजन समितीचे हात जोडलेले फोटो अजिबात नकोत. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, परिचय, सत्कार, मनोगत, अध्यक्षीय भाषण आणि आभार हे सगळं सिनेमाच्या आधी केलंत तर रात्री दहा वाजता पडदा उजळेल आणि लोक शेवटची सिटी बस पकडायला उठतील. सत्कार पाच मिनिटांत आटपा. शालीऐवजी सोलापुरी चादर द्या, ती माणसं खरंच वापरतात. पाहुण्याला भाषण करायला लावण्यापेक्षा सिनेमानंतर प्रश्नोत्तरांना बसवा.

गर्दीकडे मात्र थट्टेने बघू नका. ४ डिसेंबर २०२४ ला हैदराबादच्या संध्या थिएटरमध्ये प्रीमियरला नट आला आणि उसळलेल्या चेंगराचेंगरीत एका महिलेचा जीव गेला. पोलीस ठाण्याला आणि वाहतूक शाखेला लेखी कळवा, पाहुण्याची येण्याची वेळ जाहीर करू नका, त्याला वेगळ्या दाराने आत न्या आणि बाहेर पडायची दारं मोकळी ठेवा. एवढ्यासाठी माणसं नसतील तर मोठा तारा बोलावूच नका.

रेड कार्पेट अंथरायचं म्हणजे नक्की काय लागतं?

मंडपवाल्याकडे लाल गालिच्याची गुंडाळी भाड्याने मिळते, लग्नातलीच. नवा विकत घेऊ नका. कानलाही पूर्वी दिवसातून अनेकदा गालिचा बदलत, २०२१ पासून तेही काटकसरीला लागले. कडा रुंद चिकटपट्टीने जमिनीला पक्क्या करा, कारण टाच अडकून पडलेल्या पाहुण्याचाच व्हिडिओ सगळ्यात जास्त फिरतो. गालिच्याखालून वायर नेऊ नका. व्हीलचेअर जाईल अशी एक बाजू बिनपायऱ्यांची ठेवा. दिवे समोरून, डोळ्यांच्या थोडे वरून. मागून लावलेत तर फोटोत नुसत्या सावल्या येतील. मागच्या पडद्यावर प्रायोजकांची नावं असू देत, पण महोत्सवाचं नाव आणि वर्ष प्रत्येक फोटोत येईल असं छापा.

एप्रिल-मेमध्ये दुपारी चुकूनही ठेवू नका. चाळीस अंशांत मेकअप उतरतो, पाहुणा उतरतो आणि संयोजकही.

आणि त्यावरून आधी कुणाला चालवायचं? ज्या गावात सिनेमा चित्रित झाला तिथली माणसं, लघुपट केलेली कॉलेजची टीम, जुन्या टॉकीजमध्ये प्रोजेक्टर चालवलेले ऑपरेटर. नट शेवटी. त्याला सवय आहे, तो थांबेल.

‘कानच्या रेड कार्पेटचा पास मिळवून देतो’ म्हणून एकाने पैसे मागितलेत. द्यावेत का?

नाही. निमंत्रण नावावर असतं आणि ते विकायला मनाई आहे. दारात अडवलं तर पैसे, व्हिसा, तिकीट सगळं पाण्यात. खरंच जायचं असेल तर वर सांगितलेला तरुणांचा पास, फिल्म स्कूल किंवा बाजाराची रीतसर नोंदणी, हे सरळ रस्ते आहेत.

पाहुणे उद्घाटन करून सिनेमा सुरू होताच निघून जातात. वाईट दिसतं. काय करावं?

मोठ्या महोत्सवांतही हे चालतं. गालिच्यावरून आत आणि बाजूच्या दाराने बाहेर. त्यांना बोल लावून उपयोग नाही, संध्याकाळी दुसरं काही ठरलेलं असतं. निमंत्रण देतानाच स्पष्ट विचारा, ‘सिनेमा बघायला थांबणार का?’ नाही म्हणाले तर उद्घाटन सिनेमाच्या अर्धा तास आधी बाहेर अंगणातच उरका आणि सभागृहात फक्त प्रेक्षक घ्या. हो म्हणाले तर त्यांना पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर बसवू नका. सोफ्यावर बसलेल्या माणसाला पाणी, चहा, फोटो, ओळख करून देणारे नगरसेवक, काही ना काही येतच राहतं. मधल्या रांगेत, चार प्रेक्षकांच्या मध्ये बसवा. तिथून उठणं अवघड असतं.